मदत हवी आहे: पाव-पोईच्या जागी डब्याला काय देऊ?

साखळीची_लेक (रात्री ९:०५)
मिस्टरांचा रिपोर्ट आज आला, साखर वाढलीय. डॉक्टरांनी साधा पाव, पोई, उंडो असे आपले गोव्याचे सगळे पाव बंद करायला सांगितलं. उद्या पहाटे डबा द्यायचाय आणि मला काहीच सुचत नाहीये. ब्रेडच्या जागी काय वापरू? सँडविचसारखं किंवा गुंडाळून खाता येईल असंच हवं. व्हिडिओ बघितले तर त्यात अवोकाडो आणि कुठली कुठली परदेशी पानं. आपल्याकडे मिळणाऱ्या वस्तूंतलं सांगा. लवकर प्लीज.

म्हापशेकर (९:१४)
पोई कशाला बंद? तिला कोंडा असतो. उंडो बंद करा, पोई चालू ठेवा. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत, रोज सकाळी एक पोई खातात, साखर ताब्यात आहे. नाहीतर ब्राउन ब्रेड द्या.

माडाची_सावली (९:२०)
ताई, आधी थोडी माहिती द्या. मिस्टर अंडं, मासे खातात का? डबा किती वाजता भरता, ते किती वाजता उघडतात? गरम करायची सोय आहे का? घरी ओव्हन आहे का? आणि भाकरी-भाजी का नको, सँडविचच का? हे कळल्याशिवाय सगळं अंदाजपंचे होईल.

साखळीची_लेक (९:२६)
अंडं, मासे खातात. ओव्हन नाही. ते फेरीबोटीवर कामाला आहेत, दोन फेऱ्यांच्या मध्ये उभ्या उभ्या खातात. एक हात मोकळाच लागतो, ताट मांडून बसता येत नाही. म्हणून इतकी वर्षं पोईत भाजी भरून देत होते. डबा पहाटे ५ ला भरते.

नाचणीप्रेमी (९:३१)
मग प्रश्नच मिटला. नाचणीची भाकरी करा, आत भाजी घालून गुंडाळा. आमच्या घरी चार जणांना साखर आहे, सगळे नाचणीवर. आपल्या आज्या तिझान, म्हणजे नाचणीची पेज, पिऊन नव्वदी गाठायच्या.

माडाची_सावली (९:३८)
नाचणीबद्दल प्रेम मलाही आहे, पण ताईंनी विचारलंय ते कर्बोदकं कमी असलेलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते बघा. १०० ग्रॅम पिठात मैद्याची कर्बोदकं साधारण ७४ ग्रॅम, गव्हाची ६४, ज्वारीची ६८ आणि नाचणीची ६७. नाचणीत तंतू जास्त, कॅल्शियम भरपूर, हे सगळं खरं. पण कर्बोदकांत ती गव्हाच्याच पंगतीत बसते. दोन जाड भाकऱ्या खाल्ल्या तर साखर मोजायच्या मशीनवर आकडा चढणारच.

नाचणीप्रेमी (९:४३)
तक्ते वाचून कोणी बरं होत नाही. आमच्या घरचा अनुभव आहे.

माडाची_सावली (९:४५)
तुमच्या घरी भाकरी किती खातात आणि सोबत काय खातात, तेही सांगा ना मग. अर्धी भाकरी आणि वाटीभर मुगागाठी (मोडाच्या मुगाची भाजी) असेल तर साखर आटोक्यात राहील, पण ते श्रेय एकट्या नाचणीचं नाही.

केटो_काणकोण (९:४९)
ताई, बदामाचं पीठ. मी ७ महिन्यांत ११ किलो उतरवले ते यावर. १ कप पीठ, २ मोठे चमचे इसबगोलाचा भुसा, मीठ, गरम पाणी. मळून १० मिनिटं झाकून ठेवा. इसबगोल पाणी शोषून चिकट होतो आणि गव्हातल्या चिकाचं काम करतो. दोन प्लास्टिकच्या मध्ये ठेवून लाटा, तव्यावर भाजा. ओव्हन लागत नाही. कधी इसबगोलामुळे पोळीला जांभळट रंग येतो, घाबरू नका, बिघडलेलं नसतं.

साखळीची_लेक (९:५३)
बदामाचं पीठ रोज परवडणार नाही हो. सासू-सासरे, दोन मुलं, सगळं एकाच पगारात आहे.

औषधवाला_फोंडा (९:५७)
ताई, मिस्टरांना गोळ्या कोणत्या चालू आहेत?

साखळीची_लेक (१०:००)
मी जेवणाचं विचारतेय, गोळ्यांचं डॉक्टर बघतात. उद्या पहाटे काय देऊ ते सांगा कोणीतरी.

औषधवाला_फोंडा (१०:०६)
जेवणासाठीच विचारतोय, बाय. २२ वर्षं औषधांच्या दुकानात आहे. डब्यातली कर्बोदकं एकदम अर्ध्यावर आणलीत तर काही गोळ्यांबरोबर साखर नको तेवढी खाली जाते. नुसती मेटफॉर्मिन असेल तर ती भीती फारशी नसते. पाकीट हातात घेऊन नाव वाचा.

रानातलं_पाखरू (१०:०८)
ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातल्या चिकाचा, त्रास असेल तर गहू पूर्ण बंद करा. माझ्या बहिणीचं पोट गहू सोडल्यावर दोन महिन्यांत सुधारलं. तांदळाच्या आंबोळ्या द्या, त्यात ग्लुटेन नसतं.

माडाची_सावली (१०:१०)
पाखरू, इथे ग्लुटेनचा विषय नाहीये. आंबोळी तांदळाची असते, साखरेसाठी ती पावाइतकीच जड.

साखळीची_लेक (१०:१३)
मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा. आणि ग्लिमेपिराइड २, सकाळी. एक वर्ष झालं. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.४ आलंय.

औषधवाला_फोंडा (१०:२१)
हेच हवं होतं. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात कर्बोदकं किती गेली ते ती बघत नाही. सकाळी गोळी आणि दुपारी नुसतं कोबीच्या पानात अंडं, असं झालं तर घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. फेरीबोटीवर दोर फेकताना हे व्हायला नको. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून सांगा, "डब्यातला पाव काढून अमुक देणार आहे, गोळी तीच ठेवू का?" स्वतःहून गोळी बंद करू नका. आणि मिस्टरांच्या खिशात साखरेची पुडी हवीच. तसं वाटलं तर ३ चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी मशीनवर बघायचं.
केटो_काणकोण, तुम्ही सरसकट सल्ला देता म्हणून हेही सांगतो: डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असताना कडक केटो (कर्बोदकं जवळजवळ बंद) केलं तर रक्तात आम्ल वाढून माणूस थेट दवाखान्यात जाऊ शकतो, तेही साखर फार चढलेली नसताना. डॉक्टरांना न विचारता कोणी करू नका.

केटो_काणकोण (१०:२६)
माझ्यामुळे आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही. पण मुद्दा मान्य. मला गोळ्या नव्हत्या.

पोदेराचो_पूत (१०:३०)
पोईवर बोलणं चाललंय म्हणून लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या पावाची भट्टी आहे. आजोबांच्या काळी सुरेवर, म्हणजे माडाच्या ताडीवर, पीठ आंबवायचे, रात्रभर. आता माडावरून सूर काढणारे रेंदेर कमी झाले, सूर मिळत नाही, यीस्ट वापरतात, पीठ लवकर फुगतं. कोंडाही पुष्कळ ठिकाणी नुसता वरून भुरभुरलेला असतो, आत मैदाच. म्हापशेकर, तुमच्या वडिलांची पोई चांगल्या पोदेराची (पाव भाजणाऱ्याची) असेल, पण प्रत्येक पोई तशी नसते. ब्राउन ब्रेडचंही तेच. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव मैद्याचं असेल तर रंग बघून फसू नका.

म्हापशेकर (१०:३४)
हे बरं सांगितलंत. सुरेची पोई अजून कुठे मिळते? शुक्रवारच्या बाजारात शोधून दमलो.

पोदेराचो_पूत (१०:३६)
बाजारात नाही मिळायची. वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

शिरोड्याची_वैनी (१०:४१)
साखळीच्या लेकी, घाबरू नकोस गे. आमच्या यांना ९ वर्षं साखर आहे, मी डब्याची सगळी माती करून शिकलेय. आता रात्र झाली, म्हणून उद्याचं आधी.
उद्या अंड्याची पोळी दे. दोन अंडी, मीठ, मिरी, एक चमचा पाणी, खूप फेटायचं नाही. मोठा तवा, मंद आच, वर झाकण. उलटवायची नाही, कडा सुटल्या की उतरव. पूर्ण थंड होऊ दे, मग आत कोरडी भाजी घालून घट्ट गुंडाळ आणि बटर पेपरात बांध. एका अंड्यात कर्बोदकं एक ग्रॅमसुद्धा नसतात. म्हणून औषधवाल्यांनी सांगितलंय ते लक्षात ठेव, डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत सोबत वाटीभर अळसांदे (चवळी) किंवा चण्याची सुकी उसळ चमच्यासकट दे, पोट अगदी रिकामं ठेवू नकोस.
परवापासून मुगाचे पोळे (धिरडी) कर. सालीची मूगडाळ ४ तास भिजवून आलं-मिरची घालून वाट, आंबवायची नाही. कपभर वाटणाला १ चमचा इसबगोल, ५ मिनिटं थांब, मग पातळ पसर. इसबगोल नाही घातलास तर घडी घालताना पोळा मधोमध चिरतो, घातलास तर कापडासारखा वळतो.

माडाची_सावली (१०:४९)
वैनींच्या पोळ्याला माझं मत. त्याच तक्त्यात मूगडाळीची कर्बोदकं १०० ग्रॅममागे ५३ आणि प्रथिनं २४ आहेत. एका पोळ्याला ३० ग्रॅम कोरडी डाळ धरली तर १६ ग्रॅम कर्बोदकं. अगदीच कमी नाहीत, पण गोळी घेणाऱ्या माणसाला तेवढी असलेलीच बरी. दोनच द्यायचे, तिसरा नाही. डब्याआधी रात्री उरलेलं वाटण फ्रिजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात बाहेर लगेच आंबतं.

साखळीची_लेक (१०:५५)
वैनी, कोबीच्या पानांचं पण ऐकलंय. पान मोडतंच माझ्याकडून. आणि सोमवार-गुरुवार ते शिवराक (शाकाहारी) असतात, हे सांगायचं राहिलं.

शिरोड्याची_वैनी (११:०२)
हे आधी सांगायचं ना! सोमवार-गुरुवार मुगाचेच पोळे, आत पनीर कुस्करून, वर कांदा.
कोबी कच्चा वाकवलास तर मोडणारच. अख्ख्या गड्ड्याचा दांडा सुरीने कोरून काढ, गड्डा उकळत्या पाण्यात ४-५ मिनिटं बुडव, पानं आपोआप सुटतात. पानाच्या पाठीवरची जाड शीर सुरी आडवी धरून तासून टाक, पान बाकीच्याइतकंच पातळ झालं पाहिजे. कापडावर पुसून कोरडं कर. दोन पानं एकमेकांवर अर्धी चढवून गुंडाळ. यात सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, फार छान लागते, पण ओलं खोबरं घालू नकोस, दुपारपर्यंत आंबून वास येतो. सुकं भाजून घाल. बांगडा असेल तर काटे नीट काढ, उभ्या उभ्या खाणाऱ्याला काटा दिसत नाही.

नाचणीप्रेमी (११:०७)
मुगाच्या वाटणात दोन चमचे नाचणी घातली तर चालेल ना? रंग आणि चव येते.

शिरोड्याची_वैनी (११:०९)
दोन चमचे चालतील की. मीही घालते कधी.

साखळीची_लेक (पाच दिवसांनी, रात्री ८:४०)
लिहायला उशीर झाला. डॉक्टरांना दुसऱ्याच दिवशी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून ग्लिमेपिराइड २ ची १ केली आणि आठवडाभर रोज मशीनवर बघायला सांगितलं. औषधवाले दादा, तुम्ही विचारलं नसतं तर मी हे सांगितलंच नसतं. त्या दिवशी तुमच्यावर चिडून लिहिलं, मनावर घेऊ नका.
पूर्वी दोन पोई खाऊन दोन तासांनी २४१ आलं होतं. काल मुगाचे दोन पोळे आणि उसळ, तेव्हा १७३. अंड्याची पोळी त्यांना आवडली. कोबी नको म्हणतात, बोटीवर वाऱ्यात कुरकुरीत काहीतरी हवं म्हणे.
एकच अडचण राहिली आहे. पोळे डब्यात घातले की दुपारी खालचा ओला होऊन चिकटतो. थंड करूनच भरते तरी.

शिरोड्याची_वैनी (८:५२)
ताटात थंड करतेस ना? ताटात खालून वाफ अडकते. तव्यावरून थेट रोवळीवर उलटा टाक, दोन्ही बाजूंनी वारा लागू दे, एकावर एक ठेवू नकोस. डब्यात तळाला जाड सुती कापडाची घडी घाल, झाकण लावायच्या आधी दहा मिनिटं उघडा ठेव. कुरकुरीतपणासाठी आत तवशाच्या (काकडीच्या) बिया काढून उभ्या पातळ कापा घाल, मीठ न लावता. मीठ लावलंस की तवसं पाणी सोडतं.