प्राग–व्हिएन्ना सहल : शनिवारचा घोळ आणि ब्रनोचे तीन तास
(सोसायटी पालक ग्रुप, शुक्रवार रात्र ते शनिवार संध्याकाळ)

ईशानची आई, बी-३०४ : शाळेचं पत्रक मिळालं का सगळ्यांना? मे महिन्यात आठ दिवस, प्राग आणि व्हिएन्ना. आपल्या सोसायटीतली पाच मुलं यादीत आहेत. पहिला हप्ता १५ तारखेपर्यंत. उद्या शाळेत पालकसभा आहे, काही विचारायचं असेल तर इथेच लिहा, एकदमच विचारते.

सईचे बाबा, ए-६०२ : माझं अजून मन होत नाहीये. सईने अजिंठा पाहिलेला नाही. रायगडाला एकदाच गेलो, तेव्हा धुक्यात काही दिसलं नाही. आधी आपलं तर पाहू द्या मुलांना. आणि पैसे काही थोडेथोडके नाहीत.

विहानचे बाबा, सी-४०१ : मी कामानिमित्त तीन महिने म्लादा बोलेस्लाव्हला होतो, स्कोडाचं मूळ गाव, प्रागहून तासाभरावर. सुट्टी मिळाली की प्राग गाठायचो. पाठवा मुलांना. पायी फिरण्यासारखं शहर आहे, मुलांना झेपेल.

आजोबा, ए-१०१ : सईच्या बाबांचं म्हणणं रास्त आहे. अजिंठ्याला मी नेतो सगळ्यांना, फेब्रुवारीत. पण एक सांगतो. १२ सप्टेंबर १६८३ ला व्हिएन्नाच्या वेशीवर तुर्कांचा वेढा मोडला. त्यानंतर दोन महिन्यांनी, त्याच १६८३ च्या नोव्हेंबरात, संभाजी महाराज फोंड्याला पोर्तुगीजांचा वेढा मोडून काढत होते. ३५ वर्षं इतिहास शिकवला, पण ह्या दोन तारखा एकाच पाटीवर मांडायचं मला फार उशिरा सुचलं. मुलं तिथे उभी राहिली की त्यांना ते आपोआप सुचेल.

सईचे बाबा : काका, हे मला माहीत नव्हतं.

ओवीची आई, सी-२०५ : पत्रक आत्ता नीट वाचलं. दोन वर्षांपूर्वी मी आमच्या शाळेची मुलं घेऊन ह्याच मार्गावर गेले होते, शिक्षिका म्हणून. म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नका.

पत्रकात शुक्रवारी प्रागला पोचणं, शनिवारी योझेफोव्ह म्हणजे जुना ज्यू मोहल्ला, रविवारी किल्ला, सोमवारी जुन्या शहराचा चौक असं आहे. योझेफोव्हची सिनेगॉगं म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि जुनं कबरस्तान शनिवारी बंद असतं. शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. आमच्या वेळीही टूर कंपनीने शनिवारच टाकला होता. ४० मुलं बंद दाराबाहेर उभी राहिली, गाईडने समोरच्या दुकानांत अर्धा तास दिला आणि बस निघाली. ते मला अजून लागून राहिलंय.

उपाय सोपा आहे. शनिवार आणि रविवार आपापसात बदलायचे. किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथीड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना बंद असतं, दुपारी उघडतं. म्हणजे अदलाबदलीने दोन्ही अडचणी सुटतात.

ईशानची आई : बापरे. हे शाळेला कळवायलाच हवं. ताई, उद्या तुम्हीही येता का माझ्यासोबत?

ओवीची आई : येते. ओवी ह्याच शाळेत आहे, मलाही जायचंच आहे.

आजोबा : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. आपल्याकडेही सहली अशाच दारावरून परत येतात.

रेवाची आई, बी-१०२ : एक विचारू का? मुलं १४ वर्षांची आहेत. त्या मोहल्ल्यात नाझींनी मारलेल्या लोकांचं स्मारक आहे ना? सुट्टीत हे सगळं कशाला दाखवायचं? रेवा रात्रभर झोपत नाही असलं काही पाहिलं की. त्यापेक्षा किल्ला, पूल, घड्याळ पुरे नाही का?

ओवीची आई : रेवाच्या आई, हा प्रश्न मलाही पडला होता. त्या शनिवारनंतर माझा एक दिवस मोकळा होता तेव्हा मी एकटी परत गेले. काय पाहिलं ते सांगते, मग तुम्ही ठरवा.

ते स्मारक म्हणजे योझेफोव्हमधलं पिंकास सिनेगॉग. त्याच्या आत भयंकर फोटो नाहीत. भिंतींवर हाताने रंगवलेली नावं आहेत, सुमारे ७८ हजार. बोहेमिया आणि मोरेव्हिया ह्या चेक प्रांतांतल्या, नाझींनी मारलेल्या ज्यूंची. नाव, जन्मतारीख आणि त्या माणसाची शेवटची कळलेली तारीख. १९५० च्या दशकात लिहिली होती, पुढे ओलीने खराब झाली, १९९० च्या दशकात सगळी पुन्हा लिहून काढली. एकेक अक्षर.

वरच्या मजल्यावर मुलांची चित्रं आहेत. तेरेझीन नावाच्या गावात नाझींनी ज्यूंना डांबून ठेवलं होतं, तिथल्या मुलांची. त्यांना चित्रकला शिकवणारी बाई मूळची व्हिएन्नाची, जन्म १८९८, नाव फ्रीडल डिकर-ब्रँडाइस. जर्मनीतल्या बाउहाउस ह्या नामांकित कलाशाळेत शिकलेली. राजकारणापायी तुरुंगात गेली, सुटल्यावर १९३४ मध्ये प्रागला आली. डिसेंबर १९४२ मध्ये तिला तेरेझीनला पाठवलं. सोबत न्यायला मोजकंच सामान, त्यात तिने कागद आणि रंग भरले. मुलांना तिचा एक नियम होता, चित्रावर स्वतःचं नाव लिहायचं. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑश्विट्झला, नाझींच्या मृत्युछावणीत, नेऊन मारलं. जाण्याआधी तिने मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून मागे ठेवली. त्यातली बरीचशी मुलं वाचली नाहीत. चित्रांवर त्यांची नावं मात्र आहेत.

ही बाई व्हिएन्नात जन्मली आणि प्रागला राहिली. आपली मुलं त्याच दोन शहरांत जाणार आहेत. मला वाटतं ह्या सहलीतली एकच गोष्ट निवडायची झाली तर मी तो वरचा मजला निवडेन.

सईची आई, ए-६०२ : ताई, वाचून गलबलून आलं. सईची चित्रकलेची परीक्षा आहे आता. तिला वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोललीच नाही.

रेवाची आई : मी दोनदा वाचलं. तरी माझं म्हणणं राहतं, ऐनवेळी तिथे नेऊन उभं करू नका. आधी घरी कोणीतरी बसवून सांगायला हवं, आणि ज्याला बाहेर थांबायचं असेल त्याला थांबू द्यावं.

ओवीची आई : अगदी पटलं. शाळेला हे लेखी देऊ.

विहानचे बाबा : ह्याला जोडून एक. प्रागच्या मुख्य रेल्वे स्टेशनात पहिल्या फलाटावर निकोलस विंटनचा पुतळा आहे, कडेवर एक मूल, शेजारी एक मुलगी, पायाशी बॅग. २९ वर्षांचा इंग्रज शेअर दलाल, नाताळच्या सुट्टीत प्रागला आला आणि सहकाऱ्यांसोबत ६६९ मुलं १९३९ मध्ये आगगाड्यांनी लंडनला पोचवली. शेवटची गाडी १ सप्टेंबर १९३९ ला सुटणार होती, त्याच दिवशी युद्ध पेटलं, ती सुटलीच नाही. व्हिएन्नाच्या वेस्टबानहोफ स्टेशनातही पुतळा आहे, तिथून अशाच गाड्यांनी इंग्लंडला पाठवलेल्या मुलांच्या आठवणीचा, बॅगेवर बसलेला मुलगा. तिकीट नाही, दहा मिनिटांचं काम. रेवाला हे आधी सांगा वहिनी, हे ऐकलं की मुलांना धीर येतो.

रेवाची आई : हे मात्र नक्की सांगेन. 🙏

*(शनिवार सकाळ)*

आजोबा : रात्री नकाशा काढून बसलो. पाचव्या दिवशी, मंगळवारी, प्राग ते व्हिएन्ना बसने जाणार आहेत. रस्ता ब्रनो ह्या चेक शहरावरून जातो. पत्रकात लिहिलंय ‘वाटेत भोजन’. ब्रनोला फक्त जेवायचं? तिथल्या मठाच्या बागेत ग्रेगोर मेंडेलने, आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्याने, आठ वर्षं वाटाणे लावले. २८ हजारांच्या आसपास रोपं, उंची, फुलांचा रंग, दाण्यांचा आकार अशी सात लक्षणं. १८६५ मध्ये ब्रनोच्याच विज्ञान मंडळापुढे वाचून दाखवलं, १९०० पर्यंत कोणी फारशी दखल घेतली नाही. मुलं हा धडा नववीला शिकतात. मठात संग्रहालय आहे, त्याच्या काचघराचा पाया अजून दिसतो. तीन तास पुरतात.

विहानचे बाबा : काका, मी ब्रनोवरून चार वेळा गेलो आणि एकदाही थांबलो नाही. आता वाईट वाटतंय.

आजोबा : आणि मेंडेल शिक्षकाच्या परीक्षेत नापास झालेला, व्हिएन्नाला जाऊन. मग त्याला व्हिएन्ना विद्यापीठात दोन वर्षं शिकायला पाठवलं. तिथे त्याचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते डॉप्लर. रुग्णवाहिका जवळ येताना आवाज बारीक आणि लांब जाताना जाड होतो ना, तोच डॉप्लर परिणाम. तो डॉप्लरने १८४२ मध्ये प्रागला मांडला होता. दहावीचे केप्लरचे ग्रहगतीचे नियमही तिथलेच, पहिले दोन १६०९ मध्ये केप्लर प्रागला असताना छापले. ज्याच्या निरीक्षणांवर ते उभे राहिले तो टायको ब्राहे जुन्या शहराच्या चौकातल्या टीन चर्चमध्ये पुरलेला आहे. गाईड त्या चौकात मुलांना घड्याळापुढे उभं करतो आणि समोरच्या चर्चमध्ये न नेताच पुढे निघतो.

ईशान (आईच्या फोनवरून) : आजोबा, घड्याळ किती जुनं आहे?

आजोबा : १४१० चं. वरच्या बाहुल्या क्षणभर दिसतात, त्यांच्यासाठी माना वर करून गर्दीत राहू नकोस, खिसेकापू त्याच वेळी हात मारतात. बाहुल्यांच्या लगेच खालची, म्हणजे दोन तबकड्यांतली वरची तबकडी बघ. तिच्या बाहेरच्या कड्यावर जुना चेक काळ आहे, त्यांचे २४ तास सूर्यास्तापासून सुरू व्हायचे. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयापासून मोजतात. तिथे उभा राहून तोंडी हिशेब करून पाहा किती वाजले.

विहानचे बाबा : कामाचं थोडं लिहितो. व्हिसा एकच, शेंगेन, तो दोन्ही देशांत चालतो. चेकमध्ये रात्री चार आणि ऑस्ट्रियात तीन, म्हणून अर्ज चेककडे. आई-बाबा दोघांची लेखी संमती लागते, बदलीवर बाहेरगावी असणाऱ्यांनी आत्ताच कागद करून घ्या. चेकमध्ये कोरुना चालतो, ऑस्ट्रियात युरो, मुलांकडे दोन्ही थोडे द्या. प्रागमध्ये ट्रामचं कागदी तिकीट चढताना मशीनमध्ये ठप्पा मारून घ्यावं लागतं, नाहीतर दंड.

रेवाची आई : आणि शाकाहारी मुलांचं काय? आमच्याकडे अंडंसुद्धा नाही.

विहानचे बाबा : बटाट्याचं सूप मिळतं, पण ते कशाच्या पाण्यात केलंय ते विचारावं लागतं. तळलेलं चीज सगळीकडे, वरच्या आवरणात अंडं असतं. उकडलेले फळांचे गोळे आणि केकमध्येही बहुतेकदा अंडं. थोडक्यात, तुमच्याकडची मुलं भाकरीचा चुरा, दशम्या, चटणी बरोबर नेतील तर बरं. पाण्याची चिंता नको. व्हिएन्नाच्या नळाला १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, बाटली तिथेच भरायची.

*(शनिवार संध्याकाळ)*

ईशानची आई : सभेहून आलो. शनिवार-रविवारची अदलाबदल मान्य झाली, टूर कंपनीने तिथल्या तिथे फोनवर होकार दिला. जाण्याआधी मुलांना तेरेझीनबद्दल सांगायला शाळा दोन तास देणार, ओवीची आई घेतील. ब्रनोबद्दल कंपनी म्हणते बसचा वेळ वाढला तर चालकाच्या तासांचा प्रश्न येतो, व्हिएन्नाला उशिरा पोचू. सोमवारी सांगतील.

ओवीची आई : मी त्यांना म्हटलं, मंगळवारी संध्याकाळची, व्हिएन्नाच्या जुन्या शहराभोवतीच्या रिंग रस्त्यावरची बसफेरी सोडा. तो रस्ता बुधवारी मुलं ट्रामने पाहतील, त्यासाठी वेगळी बस कशाला? ब्रनोचे तीन तास तिथून काढा. लेखी दिलंय, सात पालकांच्या सह्या आहेत.

सईचे बाबा : आठवी माझी घ्या. हप्त्याचं अजून ठरायचंय, पण सही आज करतो. काका, अजिंठ्याचं फेब्रुवारीत नक्की ना? सोमवार सोडून.

आजोबा : नक्की. आणि सध्या मटार आहे बाजारात. मी उद्या मंडईतून तीन किलो आणतो, किराणा दुकानातून वाळलेले वाटाणे घेतो, गोल आणि सुरकुतलेले वेगळे करायला. पाचही मुलांना संध्याकाळी पाच वाजता माझ्याकडे पाठवा. वाडगी आणि वही घेऊन या म्हणावं. सोललेला मटार ज्याचा त्याने घरी न्यायचा.