विषय: मोटरसायकलला हीटेड ग्रिप्स घरी बसवायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

मी लीड्सला असतो, ऑफिसला इंटरसेप्टर ६५० घेऊन जातो. आत्ताच सकाळी बोटं आखडायला लागलीत आणि जाड हातमोजे घातले की क्लचचा अंदाज येत नाही. ऑक्सफर्ड कंपनीच्या हीटेड ग्रिप्स, म्हणजे हँडलच्या तापणाऱ्या मुठी, मागवल्यात. गॅरेजवाल्याने सांगितलेली मजुरी ऐकून गारठलो. घरी जमेल का? वायर हेडलाइटच्याच वायरला जोडली तर चालेल ना?

——

अरे, जमेल की! पण हेडलाइटच्या वायरला हात लावू नकोस. पूर्ण तापवल्या की या ग्रिप्स जवळपास ४ अँपिअर खातात, म्हणजे ५० वॉटच्या आसपास. तेवढा जादा भार त्या वायरने का सोसावा? किटमधली वायर थेट बॅटरीवर घे, फ्यूज बॅटरीपाशीच राहू दे. इंजिन बंद झाल्यावर व्होल्टेज उतरलं की ऑक्सफर्डचा कंट्रोलर आपणहून बंद होतो. स्वस्तातल्या ग्रिप्सना ही सोय बहुधा नसते; तिथे रिले लावून चावीबरोबर बंद होईल असं करावं लागतं, नाहीतर सकाळी बॅटरी ढिम्म.

वायरिंगची धास्ती सगळ्यांनाच असते. मला विचारशील तर खरी जोखीम उजव्या हाताला आहे. ती ग्रिप थ्रॉटलच्या प्लॅस्टिक नळीवर बसते, म्हणून तिचं भोक डावीपेक्षा मोठं असतं. दोन्हींची अदलाबदल करू नकोस. जुन्या ग्रिप्स सरळ कापून काढ, हँडलबार स्पिरिटने पुसून कोरडा कर आणि गोंद न लावता आधी नुसती ग्रिप चढवून बघ. वायर कुठे येते? थ्रॉटल बंद असताना आणि पूर्ण उघडल्यावर ती ब्रेकच्या लिव्हरला किंवा स्विचच्या डबीला अडता कामा नये. जागा ठरली की खूण कर, मगच गोंद. तो काही सेकंदांत धरतो. नंतर ग्रिप फिरवायचं नाव नको.

आतल्या बाजूला स्विचच्या डबीपासून आणि टोकाला बारएंडपासून जरा फट ठेव. ग्रिप घासली तर थ्रॉटल सोडल्यावर परत येत नाही, आणि हे राउंडअबाउटवर कळण्यात अर्थ नाही. हँडल डावीकडे पूर्ण वळव, उजवीकडे वळव, दर वेळी थ्रॉटल उघडून सोड. खट्कन मिटलाच पाहिजे. हे मनासारखं झाल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढू नकोस, ऑफिसला उशीर झाला तरी बेहत्तर.

——

काकांनी सांगितलेलं सगळं पटलं. माझी थोडी भर, अ‍ॅबरडीनच्या वाऱ्यातून. डावी ग्रिप उजवीपेक्षा गार लागली तर ती बिघडलीय असं समजून परत पाठवू नकोस. ती थेट धातूच्या बारवर बसते आणि बार उष्णता ओढून घेतो. दुसरं, ग्रिप्स तळहात तापवतात. बोटांची बाहेरची बाजू वाऱ्यातच राहते. ५ अंशांत ताशी ८० किलोमीटरने गेलास की उघड्या कातडीला उणे ३ च्या आसपास वाटतं. तेव्हा हँडगार्ड किंवा मफ (हँडलवर चढवायच्या, आत हात घालायच्या जाड पिशव्या) लाव. मफ दिसतात भयंकर, आमच्याकडे लेक माझ्या गाडीला ‘ओव्हन’ म्हणते, पण एकदा लावले की काढवत नाहीत. आणि हातमोजे मध्यम जाडीचेच घाल. फार जाड घातलेस तर ग्रिपची ऊब हातापर्यंत पोचतच नाही.

——

काका, ताई, आभार! जुनी ग्रिप कापली. थ्रॉटलच्या नळीवर उभ्या-आडव्या रेघा उठलेल्या आहेत, नवी ग्रिप त्यावर चढतच नाही. ठोकून बसवू का?

——

ठोकू नकोस रे बाबा! आतली तापणारी तार तुटेल. त्या रेघा कानशीने घासून काढ, थोडं घासायचं आणि ग्रिप लावून बघायची. जोर न करता, पण घट्ट चढली पाहिजे. घासायच्या आधी नळी गाडीवरून उतरव, म्हणजे कीस थ्रॉटलच्या केबलमध्ये जाणार नाही. उतरवताना केबल कशी अडकवलीय त्याचा फोटो काढून ठेव.