नेपल्स म्युझियम आणि पॉम्पेई : आई-बाबांना घेऊन जातोय, मदत हवी आहे

ऑक्टोबरमध्ये आई-बाबांसोबत इटलीतल्या नेपल्सला जायचं ठरलंय, मुक्काम छोटाच आहे आणि त्यात नेमका एक मंगळवार येतोय. कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.

मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयातल्या 'पॉम्पेई लक्ष्मी'ची. १९३८ मध्ये पॉम्पेई या राखेखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरातल्या एका घरात सापडलेली हस्तिदंती मूर्ती, जेमतेम वीतभर उंच, हातात भरगच्च बांगड्या, दोन्ही बाजूंना छोट्या दासी, म्हणजे इ.स. ७९ ला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा ती तिथे पोचलेली होती! लक्ष्मी म्हणतात, पण बरेच अभ्यासक यक्षी मानतात. अगदी तशाच धाटणीची मूर्ती आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळालीय, तिथल्या लामतुरे संग्रहालयात ती बघितली तेव्हापासून नेपल्सचं डोक्यात बसलंय. तेर म्हणजे जुनं तगर, तिथला माल गाड्यांतून भडोचला आणि पुढे जहाजाने रोमन मुलखात जायचा, त्यामुळे ही मूर्ती पण आपल्याकडूनच गेली असेल असं मला मनापासून वाटतं.

तर प्रश्न असे की ही मूर्ती 'सीक्रेट कॅबिनेट'मध्ये असते असं वाचलंय, ते दालन म्युझियमच्या पूर्ण वेळेत उघडं असतं का? आईचे गुडघे दुखतात, वर जायला लिफ्ट चालू असते का? तिथल्याच अलेक्झांडरच्या मोझेकचं (लढाईचं दगडी तुकड्यांचं चित्र) रिस्टोरेशन चालू होतं, आता नीट बघायला मिळतं का?

म्युझियम मंगळवारी बंद आणि सान्सेव्हेरो चॅपलपण मंगळवारीच बंद, म्हणून त्या दिवशी पॉम्पेई करावं म्हणतोय. पण तिथले ते मोठमोठ्या दगडांचे उंचसखल रस्ते आईला झेपतील का, की त्यापेक्षा हर्क्युलेनियम (त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं दुसरं शहर) बरं, ते लहान आहे आणि घरांचे वरचे मजले, जळून कोळसा झालेली लाकडंसुद्धा टिकलीत म्हणे? दोन्हीकडे चिर्कमवेसुव्हियाना लोकलनेच जाता येतं, पण तिला गर्दी फार असते असं ऐकलंय, तर सकाळी किती वाजता निघालं तर आई-बाबांना बसायला जागा मिळेल?

सान्सेव्हेरोतला १७५३ चा 'व्हेल्ड क्राइस्ट' हा ख्रिस्ताचा पुतळा बाबांना बघायचाच आहे, संगमरवरातून इतकं झिरझिरीत वस्त्र कोरलंय की खालच्या शिरा दिसतात. तिकीट किती आधी बुक करावं लागतं? आणि आर्टेकार्ड (म्युझियम आणि प्रवासाचा एकत्र पास) घेतलं तर एवढ्या छोट्या मुक्कामात पैसे वसूल होतात का, की सुटी तिकिटंच काढू?