साम्ब्रानो तत्त्वज्ञ होती की नुसतीच ओर्तेगाची शिष्या?

रानवारा: काल इथे एकाने लिहिलं की स्पॅनिश लेखिका मारिया साम्ब्रानो म्हणजे थोडा तिचा गुरू, तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत, थोडी कविता, आणि १९८८ चा सेर्वांतेस पुरस्कार, स्पॅनिश साहित्यातला सर्वोच्च, मिळाला तो स्पेनबाहेरच्या ४५ वर्षांच्या वनवासाची सहानुभूती म्हणून. वाचून डोक्यात तिडीक गेली. अहो, १९३४ मध्येच तिने आत्म्याविषयीच्या ज्ञानावर लेख लिहून गुरूची वाट सोडली होती. ओर्तेगाने तेव्हा तिला चांगलंच सुनावलं, ती माद्रिदच्या ग्रान व्हियावरून रडत गेली, हे तिनेच सांगितलंय. रडली, पण लेख मागे घेतला नाही! मग १९३९ मध्ये मेक्सिकोतल्या मोरेलियात 'फिलोसोफिया इ पोएसिया' (तत्त्वज्ञान आणि कविता) काढलं, त्यात थेट प्लेटोला हात घातला, त्याने कवींना नगराबाहेर काढलं तेव्हा विचाराने काय गमावलं हा प्रश्न धरून. ही शिष्या?

तर्कट: काल लिहिणारा मीच. प्रश्न विचारला म्हणजे तत्त्वज्ञान झालं का? तिचं 'क्लारोस देल बोस्के' (रानातल्या मोकळ्या जागा) काढून बघा. रानातली मोकळी जागा शोधायला गेलात तर सापडणार नाही म्हणे. छान आहे. पण यात युक्तिवाद कुठाय, मी खोडायचं काय? आमच्या कॉलेजात असंच धुकं लिहिणाऱ्यांना पहिला वर्ग मिळायचा आणि लॉजिकवाले आम्ही बसायचो बोंबलत.

रानवारा: तुमच्या मार्कांचा राग तिच्यावर कशाला काढताय? शोधण्याचा हट्टच आड येतो, हाच तिचा मुद्दा आहे, आणि त्यावर वाद घालता येतो की. घाला.

मोगरा७१: मला वेगळंच खटकतं. १९४६ मध्ये ती पॅरिसला पोचली तर आई गेलेली, आणि बहीण आरासेली गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या छळाने पार खचलेली. त्यानंतर १९७२ पर्यंत बहिणीला सांभाळलं, हवाना, रोम, मग फ्रान्सच्या ज्युरात ला पिएस. रोममधून तर शेजाऱ्याने मांजरांची तक्रार केली म्हणून निघावं लागलं. त्यात किती पुस्तकं राहून गेली असतील.

तर्कट: हे मान्य. बहिणीपायी करिअर मातीत घातलं.

सावित्रीची_लेक: मातीत?? मी नोकरी सोडून धाकट्या भावाला सांभाळते, स्किझोफ्रेनिया आहे त्याला. रात्री तीनला तो उठून दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासतो, मी शेजारी उभी राहते, तो झोपला की मग टेबललॅम्प लावून वाचते, तेवढाच वेळ माझा. नातेवाईक हेच म्हणतात, वाया गेली. तुम्ही म्हणू नका. साम्ब्रानो आरासेलीला अँटिगनी म्हणायची, ग्रीक नाटकातली, भावाला पुरलं म्हणून जिवंत थडग्यात कोंडलेली ती, आणि साम्ब्रानोचं १९६७ चं 'ला तुम्बा दे आन्तीगोना' (अँटिगनीचं थडगं) वाचा, त्यात अँटिगनी थडग्यात लगेच मरत नाही, तिला वेळ मिळतो, बहिणीशी आईशी भावांशी बोलायला. हे त्या घरात राहिल्याशिवाय सुचतं का?

मोगरा७१: ताई, माझा तसा अर्थ नव्हता हो. पण सांभाळणं नेहमी बाईच्याच गळ्यात का? माझ्या आईने आयुष्यभर तेच केलं आणि एक ओळ लिहिली नाही. त्याचं कौतुक नका करू.

सावित्रीची_लेक: कौतुक कोण करतंय! वाया गेलं नाही एवढंच म्हणतेय. दोन्हींत फरक आहे.

रानवारा: अरे धागा कशावर होता? बाकी आरासेलीच्या जोडीदाराला, मानुएल मुन्योसला, फ्रान्समधून पकडून स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोच्या हवाली केलं आणि १९४२ मध्ये गोळ्या घातल्या. असल्या घरातल्या बाईच्या पुरस्काराला सहानुभूतीचा म्हणायचं? जीभ रेटते कशी?

तर्कट: आवाज चढवून युक्तिवाद होत नाही. ठीक आहे, सहानुभूती हा शब्द मागे. थडग्याचं पुस्तक मी वाचलेलं नाही, वाचेन. 'क्लारोस'बद्दल मात्र एक अक्षर मागे घेणार नाही.

सावित्रीची_लेक: वाचा आधी. मग भांडू.