ट्रेलरमध्ये संगीत लावलं की निवेदन दबतं, काय करावं?

फिल्मवाली_मिरज
कॉलेजच्या १८ मिनिटांच्या फिल्मचा ट्रेलर कापलाय. लांबी १ मिनिट २० सेकंद, सेकंदाला २५ फ्रेम्स, दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती. निवेदन मोबाइलवर रेकॉर्ड केलंय. नुसतं ऐकलं तर स्वच्छ वाटतं, पण खाली संगीत लावलं की शब्द कळत नाहीत. निवेदनाचा आवाज वाढवला तर फाटतो. शिवाय खोली घुमल्यासारखी ऐकू येते. शेवटी १९५०च्या दशकातलं एक मराठी गाणं वापरायचा विचार आहे, इतकं जुनं चालतं का?

ध्वनिकक्ष
आधी घुमण्याचं बघू, कारण ते नंतर नीट काढता येत नाही. पुन्हा रेकॉर्ड करा. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करा, पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टांगा. पंखा आणि फ्रिज बंद, फोन एरोप्लेन मोडवर. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, पण समोर न धरता थोडा बाजूला धरा, नाहीतर प, फ, भ म्हणताना हवेचा धक्का थेट माइकवर बसतो. ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. लेव्हलची टोकं, म्हणजे सगळ्यात मोठे आवाज, मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास राहू द्या. शेवटी कोणी न बोलता त्याच जागेची ३० सेकंदांची शांतता घ्या, वाक्यांमधल्या फटी भरायला लागते. फाइल व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमधून मागवू नका, तिथे आवाज दाबून लहान केला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

आता दबण्याचं कारण. शब्द स्पष्ट करणारी व्यंजनं साधारण २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतात आणि व्हायोलिन, गिटार, सिंथ यांची धारही तिथेच असते. म्हणून निवेदन वाढवण्याऐवजी संगीतात जागा करा. संगीताच्या ट्रॅकवर ईक्यू (आवाजाचा ठरावीक पट्टा कमी-जास्त करणारं साधन) लावून ३ किलोहर्ट्झच्या भोवती ३-४ डीबी कमी करा. निवेदनावर ८० हर्ट्झखालचं कापून टाका. मग फेअरलाइटमध्ये (रिझॉल्व्हचं आवाजाचं पान) निवेदनाच्या डायनॅमिक्समध्ये ‘सेंड’ आणि संगीताच्या कॉम्प्रेसरमध्ये (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) ‘लिसन’ चालू करा. निवेदन आलं की संगीत आपोआप खाली जाईल. थ्रेशोल्ड (ज्या पातळीला दाबणं सुरू होतं ती) असा ठेवा की ६ ते ८ डीबी घट दिसेल. रिलीज, म्हणजे संगीत परत वर यायला लागणारा वेळ, ४०० मिलिसेकंदांच्या आसपास. तो फार कमी ठेवला तर दोन शब्दांच्या मधेच संगीत उसळतं आणि दम लागल्यासारखं वरखाली होतं.

टाइमलाइन
८० सेकंदांच्या ट्रेलरला मी तरी हाताने कीफ्रेम (आवाज कुठे किती हवा त्या खुणा) लावा म्हणेन. कॉम्प्रेसर आवाज आल्यावर जागा होतो. हाताने केलं तर पहिल्या अक्षराच्या ८-१० फ्रेम्स आधीच संगीत खाली घेता येतं.

मराठीत एक गोष्ट हमखास बिघडते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि बोलणाऱ्याचा आवाज तिथेच खाली जातो. ‘त्या रात्री ती परत आलीच नाही’ यातलं ‘नाही’ सगळ्यात हळू असतं, आणि संगीत वर यायला नेमकं तिथेच सुरुवात करतं. प्रेक्षकाला ‘ती परत आली’ इतकंच ऐकू येतं, अर्थ उलटा. म्हणून शेवटचे दोन शब्द क्लिप कापून वेगळे करा, २-३ डीबी वाढवा आणि संगीत वाक्य संपल्यावर १० फ्रेम्सनी वर आणा.

मजकूरही तपासा. ८० सेकंदांत ६०-७० शब्दांपेक्षा जास्त निवेदन नको, चित्राला श्वास राहत नाही. संगीत १२० बीपीएमचं (मिनिटाला १२० ठोके) निवडलंत तर २५ फ्रेम्सवर चार ठोक्यांचा एक बार बरोबर ५० फ्रेम्सचा होतो आणि कट सरळ तालावर बसतात. एका ठोक्याला साडेबारा फ्रेम्स येतात, त्यामुळे एकेका ठोक्यावर कट करायला गेलात तर अर्धी फ्रेम कुठेतरी चुकणारच. दोन-दोन ठोक्यांवर कापा.

हक्क_नोंद
जुन्या गाण्याबद्दल: १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, पण चाल आणि शब्द यांचे हक्क वेगळे. ते संगीतकार आणि गीतकार यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. त्यामुळे तबकडी हक्कमुक्त असली तरी गाणं असेलच असं नाही. ‘३० सेकंदांपर्यंत चालतं’ असा कुठलाही नियम नाही, यूट्यूबची हक्काचं संगीत आपोआप ओळखणारी कंटेंट आयडी यंत्रणा त्याहून छोटे तुकडेही ओळखते.

तुकोबांच्या अभंगाचे शब्द मुक्त आहेत. स्वतःची चाल लावा, वर्गातल्या कोणाकडून गाऊन घ्या आणि गाणाऱ्याची लेखी संमती फाइलला ठेवा. क्रिएटिव्ह कॉमन्सचं (काही अटींवर मोफत वापरू देणारा परवाना) संगीत घेतलंत तर ‘एनडी’, म्हणजे रूपांतराला मनाई, असलेलं टाळा. चित्राशी संगीत जुळवणं हेच त्या परवान्यात रूपांतर धरलं जातं.

फिल्मवाली_मिरज
अभंगाचा मार्ग आवडला. एक्स्पोर्ट करताना एकूण आवाज किती ठेवू?

ध्वनिकक्ष
यूट्यूबसाठी उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप), ट्रू पीक, म्हणजे सगळ्यात उंच टोक, उणे १ डीबी. याहून मोठं केलंत तर यूट्यूब स्वतःच खाली आणतं, नुसता हळू आणि मोठ्या आवाजातला फरक जातो. कॉलेजच्या सभागृहात दाखवायचा असेल तर संगीत २ डीबीने कमी असलेली वेगळी प्रत काढा, तिथल्या घुमण्यात शब्द आणखी बुजतात. आणि पाठवण्याआधी एकदा मोबाइलच्या स्पीकरवर, अगदी हळू आवाजात ऐका. तिथे प्रत्येक ‘नाही’ कळला पाहिजे.