बीजवाढीच्या गोळ्या घ्यायच्या आहेत, पण सोनोग्राफीसाठी दर वेळी कणकवली गाठावी लागते

प्रश्न : देवगडची सून

माझे वय ३१ असून लग्नाला ४ वर्षे झाली आहेत. पाळी कधी ४५, तर कधी ६० दिवसांनी येते आणि पीसीओडीचे (बीज वेळेवर तयार न होण्याच्या अंडाशयाच्या विकाराचे) निदान झाले आहे. थायरॉइड व प्रोलॅक्टिनचे रिपोर्ट ठीक आले. डॉक्टरांनी पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून ५ दिवस लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅमची रोज एक गोळी लिहून दिली असून दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड फॉलिक्युलर स्टडीसाठी, म्हणजे बीज किती वाढले ते पाहणाऱ्या सोनोग्राफीसाठी, बोलावले आहे. ते केंद्र कणकवलीला आहे. आमच्या वाडीतून एस.टी.ने जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो, आणि सासूबाईंना दर वेळी काय कारण सांगायचे, हा प्रश्न वेगळाच. यजमान मुंबईला नोकरीला आहेत व महिन्यातून एकदा घरी येतात. त्यातच गोळ्यांसोबतच्या कागदावर 'स्तनाच्या कर्करोगासाठी' असे वाचल्यापासून मी धसका घेतला आहे. सोनोग्राफी न करता नुसत्या गोळ्या घेतल्या तर चालेल का? शेजारच्या ताईंकडे क्लोमिफिन या बीजवाढीच्याच दुसऱ्या गोळीची अर्धी पट्टी शिल्लक आहे. त्याऐवजी तीच घ्यावी, असेही मनात येते.

उत्तर १ : किनाऱ्यावरचा

माझ्या वहिनींनी एकही सोनोग्राफी न करता क्लोमिफिन घेतली होती आणि दुसऱ्याच महिन्यात दिवस राहिले. इतका विचार करत बसू नये, असे मला वाटते.

उत्तर २ : औषधविक्रेता, चिपळूण

वरील उत्तराशी मी सहमत नाही. वहिनींना गुण आला हे चांगलेच झाले, पण त्यावरून दुसरीने शिळ्या पट्टीतली गोळी घ्यावी, असे ठरत नाही. क्लोमिफिन घेणाऱ्या काही जणींना नजर अंधुक होणे किंवा डोळ्यांसमोर प्रकाश चमकणे असा त्रास होतो. तेव्हा गोळी थांबवून डॉक्टरांना लगेच कळवावे लागते. शिवाय काहींच्या गर्भाशयाचे अस्तर या औषधाने पातळ राहते, म्हणजे बीज तयार होऊनही गर्भ रुजायला अडचण येते. या औषधाने जुळे राहण्याची शक्यताही वाढते.

आता कर्करोगाची भीती. लेट्रोझोल मुळात त्याच आजारासाठी आले, हे खरे आहे. ते शरीरातील इस्ट्रोजेनची निर्मिती काही दिवस कमी करते. इस्ट्रोजेन कमी झाले असे जाणवताच मेंदूतील पीयूषिका ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक जास्त सोडते आणि त्यामुळे अंडाशयातील फॉलिकल (ज्यात बीज वाढते ती छोटी पिशवी) वाढू लागते. कर्करोगात हीच गोळी वर्षानुवर्षे घेतात. तुम्हाला ती ५ दिवस घ्यायची आहे. भारत सरकारने २०११ मध्ये वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर बंदी घातली होती आणि २०१७ मध्ये ती मागे घेतली, त्यामुळे जुनी माणसे अजूनही 'ती बंद गोळी' म्हणतात. अमेरिकेत पीसीओएस (म्हणजे पीसीओडीच) असलेल्या ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, तर क्लोमिफिनच्या गटात हे प्रमाण १९.१ टक्के होते. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी गोळी विचारपूर्वकच निवडली आहे.

उत्तर ३ : मालवणी मुलूख

ताई, मी या वाटेने गेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. प्रश्न गोळीचा कमी आणि वेळेचा जास्त आहे. फॉलिकल साधारण १८ ते २० मिलिमीटर झाले की बहुधा बीज फुटण्यासाठी एचसीजीचे इंजेक्शन देतात आणि त्यानंतर सुमारे ३६ तासांनी बीज बाहेर पडते. बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकते, शुक्राणू मात्र शरीरात ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून यजमानांनी बीज फुटल्यावर धावत येण्यापेक्षा एक-दोन दिवस आधी घरात असणे महत्त्वाचे. आमच्याकडे सोनोग्राफीचा आकडा कळला की त्याच रात्री हे कोकणकन्येत बसत; आरक्षण मिळाले नाही तर जनरल डब्यातून उभ्याने.

सोनोग्राफीचे दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. एकाच वेळी तीन-चार फॉलिकल मोठी झाली तर जुळी-तिळी राहण्याचा धोका असतो, आणि तेव्हा डॉक्टर तो महिना सोडून द्यायला सांगतात. नुसत्या गोळ्यांवर हे कळणार नाही. मात्र दर खेपेला कणकवलीच हवी असे नाही. जवळच्या केंद्रात सोनोग्राफी करून रिपोर्ट फोनवर पाठवला तर चालेल का, आणि पहिली दहाव्याऐवजी बाराव्या दिवशी ठेवता येईल का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. मी विचारले तेव्हा चार खेपांच्या दोन झाल्या.

आणि एक गोष्ट, जी मला कोणी वेळेवर सांगितली नाही. मला एका ठिकाणी सलग ३ महिने गोळ्या दिल्या, माझी फॉलिकल छान वाढली आणि दर महिन्याला पाळी आली. चौथ्या महिन्यात दुसरीकडे गेलो, तेव्हा पहिल्यांदा यजमानांची वीर्यतपासणी झाली आणि अडचण तिथे निघाली. तुम्ही इतके रिपोर्ट लिहिलेत, पण त्यांच्या तपासणीचा कुठे उल्लेख नाही. ती मुंबईतच होऊ शकते; २ ते ७ दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा असतो.

देवगडची सून

सर्वांची आभारी आहे. यजमानांची तपासणी अजून झालेली नाही. हे वाचून काल रात्री फोनवर बोलले. त्यांना आधी थोडे लागले, मग येत्या शनिवारी प्रयोगशाळेत जाण्याचे कबूल केले. तो रिपोर्ट हाती येईपर्यंत गोळ्या सुरू कराव्यात की थांबावे, हे उद्या डॉक्टरांना विचारणार आहे. शेजारच्या ताईंना पट्टी परत दिली.