वर्गातल्या शत्रुराष्ट्रांच्या खेळातून मुलं काय शिकतात?

शिक्षिका (धागा सुरू करताना)
नववीला मी एक खेळ घेते. दोन गट, दोन शेजारी राष्ट्रं. दर फेरीत गुपचूप चिठ्ठी लिहायची: 'तह' किंवा 'हल्ला'. दोन्हीकडून तह आला तर ३-३ गुण. एकाने दगा दिला तर त्याला ५, दुसऱ्याला भोपळा. दोघांचाही हल्ला असेल तर १-१. यंदा दहा फेऱ्या जाहीर केल्या होत्या. नऊ फेऱ्या तह टिकला. दहाव्या वेळी एका मुलाने चिठ्ठी लिहून तिच्यावर तळहात दाबून धरला, तेव्हाच मला अंदाज आला. हल्ला! पुढच्या तुकडीला फेऱ्यांचा आकडा सांगितलाच नाही, तर तह शेवटपर्यंत टिकला. उद्याही याच शेजाऱ्याशी गाठ आहे म्हटलं की माणूस जपून वागतो. हे मुलांना धड्यातून असं कधीच उमगलं नसतं.

इतिहासाचा विद्यार्थी
सहमत नाही. राष्ट्र म्हणजे एक डोकं आणि एक चिठ्ठी, हा समजच घातक आहे. क्युबाचा पेचप्रसंग घ्या: सोव्हिएत संघाने क्युबात क्षेपणास्त्रं ठेवली आणि अमेरिकेशी युद्ध पेटायची वेळ आली. २७ ऑक्टोबर १९६२ ला अमेरिकेचं यू-२ हेरगिरी विमान क्युबावर पाडलं गेलं, वैमानिक ठार झाला. तो हुकूम मॉस्कोचा नव्हता, तिथल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांनी परस्पर दिला होता. ही चिठ्ठी कुणाची धरायची?

गणितवाला
मी शिक्षिकांच्या बाजूने. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी संगणकांवर याच खेळाच्या स्पर्धा घेतल्या होत्या. पहिलीत २०० चाली ठरलेल्या होत्या, दुसरीत शेवट मुद्दाम अनिश्चित ठेवला. दोन्ही वेळा अनातोल रॅपोपोर्ट यांची सर्वांत छोटी आज्ञावली जिंकली: सुरुवात तहाने, मग जशास तसे. आपणहून दगा देत नाही, दिलेला खपवूनही घेत नाही.

माजी विद्यार्थिनी
आमच्या वर्गात असाच खेळ झाला होता. शेवटच्या फेरीत जिवलग मैत्रिणीने हल्ला लिहिला आणि सरांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मी महिनाभर तिच्या बाकावर बसले नाही. जिंकणाऱ्याचं कौतुक करून खेळ आटोपत असेल, तर दगा फायद्याचा, एवढंच मुलं घरी नेतात.

इतिहासाचा विद्यार्थी
गणितवाले, 'जशास तसे'ची खोट सांगायची राहिली. एक चिठ्ठी चुकून पडली की दोन्हीकडून सूड सुरू होतो, तो थांबतच नाही. ते विमान पडलं तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी उलट हल्ला केला नाही. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी क्युबातली क्षेपणास्त्रं मागे घेत असल्याचं जाहीर केलं. तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढण्याचं अमेरिकेने गुपचूप कबूल केलं होतं. बोलण्याची वाट उघडी होती म्हणून हे जमलं. तुमच्या खेळात तर बोलायलाच बंदी!

शिक्षिका
टाळ्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. मी गुण वाचून दाखवते तेव्हाही तसंच होत असणार, ते बंद करते. आणि पुढच्या खेपेला पाचव्या फेरीत एका गटाची 'तह'ची चिठ्ठी मीच गुपचूप बदलून 'हल्ला' करणार आहे. त्यानंतर दोन्ही गटांना बोलायला पाच मिनिटं. काय होतं ते इथेच लिहीन.

इतिहासाचा विद्यार्थी
नक्की लिहा. फक्त खेळ संपल्यावर चिठ्ठी तुम्ही बदलली होती हे मुलांना त्याच तासाला सांगा, नाहीतर आणखी एक बाक रिकामा राहील.